चार बोटांचं खळं

माझ्या आईवडिलांच्या लग्नाचा एकच फोटो घरात आहे आणि त्यात नवरामुलगा आकाशाकडे बघतो आहे. बाकीची वीस-बावीस माणसं कॅमेऱ्यासमोर ताठ उभी आहेत, आईने तर श्वासही रोखून धरलेला दिसतो, आणि तिच्या शेजारी नाना मान वर करून, तोंड किंचित उघडं टाकून उभे. फोटोग्राफरने म्हणे तीनदा हाका मारल्या आणि चौथ्यांदा नाद सोडला. हा फोटो कुणाला दाखवताना आई ठरलेलं वाक्य म्हणायची, "तेव्हाच मला कळायला हवं होतं."

नाना म्हणजे माझे वडील. हवामान कार्यालयात निरीक्षक होते. चौतीस वर्षं, दर तीन तासांनी, पाळी असेल तेव्हा, ते एक लांबट वही बगलेत मारून बाहेर पडायचे आणि आकाशात काय आहे ते लिहून आणायचे. खालचे ढग किती, मधले किती, वरचे किती, कोणत्या जातीचे. आकाशाचे आठ भाग करायचे आणि त्यातले किती झाकलेत ते सांगायचं. एवढंच काम. शेजारीपाजारी त्यांना शिष्ट समजायचे, कारण रस्त्यात भेटलं तरी नाक वर. नाना शिष्ट नव्हते, त्यांना माणसं दिसायचीच नाहीत. आमच्या गल्लीत पाइपलाइनसाठी चर खणला होता, त्यात ते एकाच आठवड्यात दोनदा पडले. आई गुडघ्याला औषध लावत म्हणाली, "पहिल्यांदा ढगामुळे पडलात, समजू शकते. दुसऱ्यांदा कशामुळे?"

"तसाच ढग परत आला होता," नाना म्हणाले.

त्यांचं कार्यालय गावाबाहेरच्या उंचवट्यावर होतं. दोन खोल्या, एक पत्र्याचं कपाट, एक घड्याळ. बाहेर बारीक कापलेलं गवत आणि त्यात चार पायांवर उभी फटीफटींची पांढरी पेटी. तिच्यात तापमापक असायचे. सुट्टीच्या दिवशी ते मला तिथे घेऊन जायचे, आणि अक्षरं शिकायच्या आधी मी त्या वहीचे नियम शिकले. दिसलं ते लिहायचं. दिसलं नाही ते लिहायचं नाही. वाटलं ते तर मुळीच लिहायचं नाही. शंका असली तर पुढे प्रश्नचिन्ह द्यायचं, त्यात लाज नाही. चूक झाली तर खाडाखोड करायची नाही, एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही करायची. "चूक लपवायची नसते बाळ," ते म्हणायचे, "ती कुणाची आहे ते कळलं पाहिजे."

हे सगळं मला पाठ होतं. म्हणून तर पुढे जे केलं त्याला क्षमा नाही.

नानांचा जीव होता तो सगळ्यात वरच्या ढगांवर. कार्यालयाच्या कागदात त्यांना तंतुमेघ म्हणायचे, पांढऱ्या बारीक धाग्यांसारखे, शेवटी शेपटीसारखे वळलेले. मी नऊ-दहा वर्षांची असताना विचारलं की हे ढग असे विंचरल्यासारखे का दिसतात, तर उत्तर देण्यासाठी त्यांनी आईचा फ्रीज चार दिवस अडवून ठेवला. बाटलीबंद शुद्ध पाण्याच्या चार बाटल्या बर्फाच्या कप्प्यात आडव्या घातल्या. आई संतापली. तीन बाटल्या गोठून दगड झाल्या आणि नानांनी त्या वितळवून परत ठेवल्या, परत काढल्या, परत ठेवल्या. चौथ्या दिवशी एक बाटली निघाली ती पाणीच. इतरांइतकीच गार, पण आत पाणी डुचमळत होतं.

"आता बघ," म्हणून त्यांनी ती ओट्यावर टक्कन आपटली. आपटली तिथून पांढरा धूर निघाल्यासारखा बर्फ वर चढत गेला आणि दोन श्वासांत अख्खी बाटली गोठली. मी किंचाळले. आईसुद्धा पोळपाट सोडून बघत राहिली, मग म्हणाली, "ओट्याला चीर पडली तर तुम्हीच भरून द्यायची."

मग त्यांनी समजावलं. पाणी शून्याखाली गेलं की गोठतं असं पुस्तक सांगतं, पण स्वच्छ पाणी मोठं हट्टी असतं. त्याला सुरुवात करायला काहीतरी लागतं, धुळीचा कण, धक्का, काहीही. आठ-दहा किलोमीटर उंचीवर हवेतल्या पाण्याचे बारीक थेंब उणे दहा, उणे वीस, उणे तीस होतात तरी पाणीच राहतात. कुठून तरी उडून आलेला मातीचा एखादा कण सापडला की त्याच्यावर बर्फ धरतो. नाहीच सापडला तर उणे चाळिसाच्या आसपास मात्र पाण्याचा हट्ट संपतो आणि थेंब आपोआप गोठतात. मग भोवतालची वाफ त्या बर्फावर बसत जाते आणि सहा बाजूंचे स्फटिक तयार होतात. ते जड झाले की पडू लागतात. खालचा वारा वेगळ्या वेगाने वाहत असतो, म्हणून पडता पडता मागे ओढले जातात, त्याच त्या शेपट्या.

"म्हणजे तिथे बर्फ पडतोय?" मी विचारलं.

"पडतोय ना. पण इथपर्यंत येत नाही. वाटेत कोरडी हवा लागली की विरून जातो."

"एकही येत नाही?"

"एकही नाही," नाना म्हणाले. हे सांगताना ते दरवेळी जरा हळू बोलायचे.

या बर्फाचा पातळ पडदा आभाळभर पसरला की दिसतच नाही. आभाळ नुसतं किंचित दुधी वाटतं. तो आहे हे कळतं खळ्यावरून. सूर्याभोवती किंवा चंद्राभोवती मोठं गोल कडं पडतं, त्या सहा बाजूंच्या स्फटिकांतून उजेड वळतो म्हणून. हात लांब करायचा, अंगठ्याचं टोक चंद्राच्या काठाला लावायचं, बोटं ताणायची. करंगळी कड्याला टेकली की समजायचं, वर बर्फ आहे. एक वीत. माझा हात तेव्हा केवढासा, पण हात आखूड तशी वीतही आखूड, त्यामुळे खळं नानांच्या वितीत बसायचं तसंच माझ्याही वितीत बसायचं. याचं मला इतकं अप्रूप होतं की मी वर्गातल्या सगळ्या मुलींच्या विती मोजत सुटले होते. सूर्य असला तर आधी तो खांबाआड किंवा भिंतीआड धरायचा, डोळे दिपू नयेत म्हणून. चंद्राला त्याची गरज नाही, म्हणून चंद्र कुणी झाकायचं नाही. ही बारीकशी गोष्ट लक्षात असू द्या.

आणखी एक गोष्ट होती. नानांकडे एक जुनं हातपुस्तक होतं, बांधणी सुटलेलं, आणि त्यातल्या एका पानात बसचं तिकीट खुणेला घातलेलं. त्या पानावर चारच ओळी होत्या. क्वचित कधी बर्फाच्या स्फटिकांना पेन्सिलीसारखी टोकं येतात, आणि तशा स्फटिकांचं खळं लहान पडतं, मुठीपेक्षाही लहान. नानांनी ते उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. कार्यालयातल्या कुणीच पाहिलं नव्हतं. बढत्या येत होत्या आणि दुसऱ्यांना मिळत होत्या. नानांचं म्हणणं, साहेब झालं की आत बसावं लागतं. पण त्या तिकिटाचं पान ते अधूनमधून उघडायचे, आणि त्यांना काय हवं होतं ते मला ठाऊक होतं.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. मी तेव्हा लग्न होऊन त्याच गावात दुसऱ्या टोकाला राहत होते, शाळेत विज्ञान शिकवत होते. नाना फोनवर एरवी दोन वाक्यांपुढे जायचे नाहीत. त्या दिवशी हॅलोसुद्धा न म्हणता सुरू झाले.

"बाळ, लहान खळं. चंद्राला. मी मोजलं. चार बोटं."

मी स्वयंपाकघरात नाचले. खरंच नाचले, हातात पळी घेऊन.

त्यानंतर दर शुक्लपक्षात त्यांना ते दिसू लागलं. नेहमी नाही, पण महिन्यातून तीन-चार संध्याकाळी. त्यांनी वेगळी वही केली, तारीख, वेळ, चंद्राची उंची, तापमान. आकाश अशा दिवशी एरवी स्वच्छ असायचं, आणि त्यांचा अंदाज होता की पडदा फार म्हणजे फारच पातळ असणार, स्फटिक थोडे पण टोकदार. त्यांनी टिपण लिहायला घेतलं, कार्यालयाच्या नियतकालिकाच्या अंकात छापण्यासाठी. चौतीस वर्षं त्यांनी आकडेच लिहिले होते. स्वतःच्या नावाने लिहायचं हे पहिलंच. मी ते टाइप करून द्यायची, तक्ते काढून द्यायची. आई म्हणायची, संध्याकाळी यांचं डोकं दुखतं, डोळे चोळत बसतात, जेवत नाहीत धड. मी म्हणायची, सारखी मान वर, दुखणारच. आई म्हणायची, दिव्याकडे बघून सारखा चष्मा पुसतात. मी म्हणायची, तुझ्या कढईची वाफ. मला सगळ्याची उत्तरं येत होती.

साहेबांनी टिपण वाचलं आणि म्हणाले, छान आहे, पण निरीक्षण एकट्याचं चालणार नाही, दुसऱ्या कुणीतरी बघून सही केली पाहिजे. नानांबरोबर पाळीला एक धाकटा निरीक्षक होता. कशालाही 'शंभर टक्के' म्हणायची त्याला सवय, म्हणून त्याचं नावच शंभर टक्के पडलेलं. नानांनी त्याला दोन संध्याकाळी गवतावर उभं करून दाखवलं. तो बिचारा डोळे ताणताणून बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "नाना, माफ करा हो. मला नाही दिसत. शंभर टक्के नाही दिसत."

नाना घरी आले ते पडलेला चेहरा घेऊन. "तो खोटं बोलणारा नाही," ते म्हणाले. "माझंच काही चुकत असेल."

मी मात्र भडकले. जळतो मेला, म्हटलं. सगळा जन्म आभाळाकडे बघून घालवला माझ्या बापाने, आता कुठे एक गोष्ट त्याच्या वाट्याला येतेय, तर ह्याला दिसत नाही! साहेबांना मी स्वतः फोन केला. सही बाहेरच्या माणसाची चालेल का? ते म्हणाले, तुम्ही विज्ञान शिकवता ना, मग काय हरकत आहे.

दोन दिवसांनी मी माहेरी गेले. जेवणाआधीची वेळ, थंडी पडलेली, आम्ही गच्चीवर गेलो. चंद्र चांगला वर आला होता. नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बोट दाखवलं. "ते बघ. आत निळसर, बाहेर तांबूस. दिसलं?"

मी पाहिलं. चंद्र होता, स्वच्छ, काठ कापून काढल्यासारखा. भोवती काळं आभाळ, दोन चांदण्या. बाकी काही नव्हतं. मी डोळे बारीक केले, मोठे केले, बाजूने पाहिलं. काही नव्हतं.

मी नानांकडे पाहिलं. ते चंद्राकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. हा माणूस माणसांकडे क्वचितच बघायचा. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती होती, तिच्यापुढे मला दुसरं काही बोलता आलं नसतं असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. पण बोलता आलं असतं. 'नाना, चंद्रावर अंगठा धरा बरं' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं.

"हो नाना," मी म्हणाले. "दिसतंय की."

त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला. मग खिशातून वही काढली, गच्चीच्या कठड्यावर ठेवली, आणि मी सही केली. खाली उतरताना ते जिन्यात एका पायरीला अडखळले आणि हसले, म्हणाले, "इथे खड्डा नव्हता वाटतं पूर्वी." आम्ही दोघंही हसलो.

टिपण गेलं. छापायला घेतलं असं पत्रही आलं. ते पत्र आईने फोटोशेजारी खोचून ठेवलं.

चार महिन्यांनी एका दुपारी नानांना उलट्या सुरू झाल्या आणि डोकं फुटतं की काय असं दुखू लागलं. आईला वाटलं पोट बिघडलं. मलाही तेच वाटलं. लिंबूपाणी दिलं, पोटाची गोळी दिली, पडदे ओढून निजवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा उजवा डोळा लालभडक झाला होता आणि ते म्हणाले, "पडदे उघडा ना." पडदे उघडेच होते.

डोळ्यांच्या डॉक्टर माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी नानांना तपासलं, थेंब घातले, सुया दिल्या, मग स्टुलावर बसून सांगितलं. डोळ्याच्या आत पाणी तयार होत असतं आणि एका बारीक वाटेने वाहून जात असतं. ती वाट बंद झाली की आत दाब वाढतो आणि नस मरते. हे एकदम नाही झालेलं, महिनोन्‌महिने थोडं थोडं होत आलंय, दोन्ही डोळ्यांत. मग त्यांनी नानांना विचारलं, "संध्याकाळी डोकं दुखायचं का? दिव्याभोवती, चंद्राभोवती रंगीत कडं दिसायचं का?"

मी भिंतीला धरून उभी होते.

"डोळ्याच्या काचेला सूज येते ना," डॉक्टर म्हणाल्या, "म्हणून उजेड फुटतो. तेव्हा आला असतात तर काही नव्हतं हो. लेझरने एक बारीक छिद्र पाडायचं. पाच मिनिटांचं काम असतं."

"चंद्र झाकून बघायला हवा होता," नाना पुटपुटले.

"काय म्हणालात?"

"कडं आभाळात असलं तर चंद्र झाकला तरी राहतं. डोळ्यात असलं तर चंद्राबरोबर जातं. एवढं साधं. मी कधी झाकलाच नाही." आणि मग ते एकाएकी उठून बसायला लागले, हाताने हवेत चाचपडत. "बाळ कुठे आहे? डॉक्टर, आधी माझ्या मुलीला बघा. तिलाही दिसलंय. माझ्याबरोबर उभी होती, तिलाही कडं दिसलंय! हे रक्तात असतं का? तिचं वय काय आहे हो, तिला आधी बघा."

डॉक्टर म्हणाल्या, असतं कधीकधी, बघून घेऊ. मी म्हटलं, नको. नाना ओरडले. उभ्या आयुष्यात ते माझ्यावर ओरडले नव्हते. "बस तिथे! माझं झालं ते झालं, तुझं वेळेत कळू दे."

मी बसले. त्या यंत्रावर हनुवटी टेकवली, कपाळ पट्टीला लावलं. उजेडाची चीर एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात गेली. समोर बघा, खाली बघा, परत समोर. मला त्या वेळी मनापासून वाटत होतं की काहीतरी निघावं. माझे डोळे जावेत, दोन्ही जावेत, पण काहीतरी निघावं. नाना खाटेच्या कडेला बसून, दोन्ही मुठी मांडीवर आवळून, आवाजाच्या दिशेने कान लावून होते.

"एकदम स्वच्छ आहेत डोळे," डॉक्टर म्हणाल्या. "दाबही नेमका हवा तेवढा. वाट चांगली मोकळी आहे. यांना कडं दिसायचं काही कारणच नाही."

नानांच्या मुठी हळूहळू सुटल्या. ते म्हणाले, "बरं झालं," आणि उशी चाचपून भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. त्यांना समजलं होतं.

मी घरी जाऊन ती वही काढली. पहिल्या नोंदीपासून वाचत गेले. 'लहान खळे, चार बोटे, तांबडा बाहेर?' पुढे प्रश्नचिन्ह. बर्फाच्या खळ्यात तांबडा रंग आतल्या बाजूला असतो हे नानांना झोपेतसुद्धा ठाऊक होतं, म्हणून ते प्रश्नचिन्ह. दुसऱ्या नोंदीला प्रश्नचिन्ह. तिसऱ्याला दोन. 'शेजारच्या दिव्यालाही? चष्मा पुसला. तपासून पाहणे.' असं नवव्या नोंदीपर्यंत, प्रत्येक ओळीच्या शेवटी. मग माझी सही. त्यानंतर तेरा नोंदी होत्या आणि एकाही नोंदीपुढे प्रश्नचिन्ह नव्हतं.

त्यांना शंका होती. ते स्वतःच्या पायांनी डॉक्टरकडे पोचले असते. मी वाटेत उभी राहिले.

उजवा डोळा गेला. डाव्याला उजेड आणि अंधार एवढं कळतं. घरी आणल्यावर पहिले काही दिवस ते खाटेवर छताकडे तोंड करून असायचे. शंभर टक्के रोज संध्याकाळी यायचा, त्यांच्याजवळ बसून दिवसभराच्या नोंदी वाचून दाखवायचा, आणि जाताना दारात मला नीट विचारायचा, काही आणायचं आहे का. त्याच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

एका सकाळी नानांनी मला बोलावलं. आई पाणी तापवत होती. "ती वही आण," ते म्हणाले, "आणि पेन."

मी आणली. मला वाटलं आता बोलतील, आणि बोलावं असंही वाटत होतं. मीच सुरुवात केली, "नाना, मला त्या दिवशी..."

"माहीत आहे मला." त्यांचा आवाज शांत होता. "मला बरं वाटावं म्हणून म्हणालीस. पेन हातात दे आणि ओळीवर ठेव."

मी त्यांचा हात धरून पहिल्या ओळीवर ठेवला. त्यांनी सरळ रेघ मारली, अंदाजाने, जरा तिरकी झाली. बाजूला सही केली. मग पुढची. बावीस नोंदी, बावीस रेघा, बावीस सह्या. खालचं सगळं वाचता येत होतं. मधल्या त्या पानावर आल्यावर त्यांनी आपल्या नोंदीवर रेघ मारली आणि पेन माझ्यापुढे धरलं.

"तुझ्या सहीवर तू मार," ते म्हणाले. "ती माझी चूक नाही."

रागाने नाही म्हणाले. वहीचा नियमच तो. मी रेघ मारली, आणि नियमाप्रमाणे बाजूला पुन्हा सही केली, आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. त्यांनी कार्यालयासाठी पत्रही सांगितलं, मी लिहून घेतलं. टिपण मागे घेत आहे, दिसलेले कडे आकाशात नव्हते. एवढं एकच वाक्य. अंक छपाईला गेलेला नव्हता, त्यांचं पान काढून टाकण्यात आलं. फोटोशेजारचं पत्र आईने कधी काढलं ते मी पाहिलं नाही.

या सगळ्याला आता वर्ष होत आलं. नाना दुपारी अंगणात खुर्ची टाकून बसतात. मी शाळेतून परस्पर तिकडे जाते आणि त्यांना आभाळ सांगते. खालचे ढग काही नाहीत, मधले दोन भाग, वरचे नाहीत. ते मान हलवतात, कधी एखादा प्रश्न विचारतात, कडा कशा आहेत, सरकतायत कुठे. मी फार जपून बोलते. 'बहुतेक' असेल तर बहुतेक म्हणते. दिसलं नाही तर नाही म्हणते. ते ऐकून घेतात. आमचं बरं चाललंय असं कुणालाही वाटेल.

गेल्या आठवड्यात आभाळ दुधी झालं होतं. मी घराच्या कोपऱ्याआड सूर्य धरला आणि वर बघितलं. पुरं गोल खळं होतं, कुठेही न तुटलेलं, मी लहानपणापासून पाहिलेल्या सगळ्यांत सुंदर.

"नाना, खळं आहे."

ते खुर्चीत सरळ झाले. "सूर्य झाकलायस?"

"भिंतीआड आहे."

"तरी दिसतंय?"

"दिसतंय. आत तांबडं आहे, बाहेर पांढरं."

"वीत लाव."

मी हात लांब केला, बोटं ताणली. "एक वीत, नाना. अगदी पुरती."

त्यांच्या चेहऱ्यावर आनंद येऊ लागला होता आणि तो त्यांनी अडवून धरला होता, हे मला दिसत होतं. मग त्यांनी मान स्वयंपाकघराच्या दिशेने वळवली आणि हाक मारली, "अगं, जरा बाहेर येतेस का?"

आई ओले हात पदराला पुसत आली. लग्न झाल्यापासून तिने स्वतःहून कधी वर बघितलं नव्हतं. एका घरात एक पुरे, म्हणायची.

"तिथे कोपऱ्याशी उभी राहा," नाना म्हणाले. "सूर्य भिंतीआड राहू दे. वर बघ आणि तुला काय दिसतं ते सांग. ती काय म्हणतेय ते सोड. तुला दिसतं ते."

आई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. कपाळावर हात धरून बराच वेळ ती वर बघत राहिली, एखादं अवघड पत्र वाचल्यासारखी. माझा हात अजून ताणलेलाच होता.

"आहे हो," ती म्हणाली. "गोल आहे. मोठं आहे. आतून लालसर."

"मग आहे," नाना म्हणाले, आणि खुर्चीत मागे टेकून त्यांनी तोंड वर केलं.